ऐरोलीची फ्लेमिंगो बोट: गुडघा बदललेल्या आबांना न्यायचं आहे, कधी जावं?

जिन्याखालची सायकल

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण थोडी पार्श्वभूमी सांगते.

आम्ही डोंबिवलीला राहतो. आबा, म्हणजे माझे सासरे, वय ७८, मूळचे माण तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला, तेव्हापासून इकडेच आमच्याकडे असतात. जन्म सगळा दुष्काळी रानात गेला. पाणी म्हटलं की टँकर नाहीतर पाझर तलाव. होडीत आजवर एकदाही बसलेले नाहीत. दुसरीकडे चिरंजीव चौथीत, आणि गेलं वर्षभर त्याच्या डोक्यात फक्त फ्लेमिंगो. तो एका पायावर का उभा राहतो, गुलाबी का असतो, हे तो दूधवाल्यालाही सांगतो.

गेल्या मार्चमध्ये आम्ही सगळे ऐरोलीला, ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटीसाठी, गेलो होतो. रविवार होता म्हणून रविवारी गेलो, एवढाच विचार केलेला. बुकिंग नाही, चौकशी नाही. साडेअकराला पोचलो तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "आत्ता पाणी नाही, बोट सुटणार नाही." आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "समुद्राला बी पानी न्हाई? मग आमच्या माणला का नावं ठेवता?" परतीच्या गाडीत पोराने ठाण्यापर्यंत तोंड फुगवलं होतं. चूक आमचीच, कोणाला दोष नाही.

यंदा नीट करायचं आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळेला जावं? बोटीत चढता-उतरताना आबांच्या गुडघ्याला त्रास होईल का? तासभर बसायचं तर बाथरूमचं काय? पक्षी खरंच जवळून दिसतात की फोटोत दिसतात तेवढेच? आणि खाडीचा वास... मला अर्धशिशी आहे, म्हणून विचारते. की हे सगळं सोडून काठावरूनच बघावं?

वडाळा लोकल

पैसे खर्चून बोट कशाला? आम्ही शिवडीच्या जेटीवर उभं राहून फुकट बघायचो, नव्वदीच्या शेवटी. समोर नुसता गुलाबी चिखल. आता त्या बाजूला समुद्रावरचा मोठा पूल झाला, तिथे पूर्वीइतके येत नाहीत म्हणतात. नेरुळच्या तळ्यांकडे जा. रस्त्यावरूनच दिसतात, आबांना गाडीतून उतरायचीही गरज नाही.

पाऊणपट

नेरुळला दिसतात, खरं आहे. पण ज्या माणसाने आयुष्यात होडी पाहिली नाही त्याला गाडीच्या काचेतून पक्षी दाखवायचे म्हणजे लग्नाला नेऊन मांडवाबाहेर उभं करण्यासारखं आहे. बोटीतच न्या.

मी मुलुंडला राहतो. रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३४ वर्षं काढली. वेळापत्रक न बघता घराबाहेर पडणारी माणसं मला बघवत नाहीत, त्यामुळे रागावलो तर समजून घ्या. ऐरोलीच्या बोटीत अकरा वेळा बसलोय. पहिल्या दोन वेळा तुमच्यासारखाच रविवार बघून गेलो होतो. एकदा बोट सुटली नाही. दुसऱ्यांदा सुटली, पण पाणी काठोकाठ भरलेलं आणि पक्षी एक नाही. गाईडला विचारलं तर म्हणाला, काका, आत्ता सगळे भांडुपला विश्रांतीला गेलेत. म्हणजे माझ्या घराच्या बाजूला! मी त्यांना बघायला खाडी ओलांडून आलेलो आणि ते खाडी ओलांडून माझ्याकडे.

खाडीला रविवार कळत नाही, तिथी कळते. कसं ते सांगतो.

पूर्ण ओहोटीला जेटीपुढे नुसता चिखल असतो, बोट टेकते. आणि पक्षी त्या अफाट चिखलावर लांब लांब पांगलेले असतात. पूर्ण भरतीला बोट झोकात जाते, पण चिखल पाण्याखाली, म्हणजे त्यांचं ताटच बुडालेलं. मग ते भांडुपच्या उदंचन केंद्राजवळच्या (पंपिंग स्टेशनजवळच्या) पाणथळीत नाहीतर नेरुळच्या तळ्यांत जाऊन एका पायावर झोप काढतात. आपल्याला हवा तो मधला काळ. पाणी चढत असतं, चिखलाची पट्टी आखडत जाते, पक्षी त्या पट्टीवर दाटी करतात आणि बोटीखाली पुरेसं पाणीही आलेलं असतं. हा खेळ दीड तासाचा, फार तर दोन.

आता तो काळ कसा काढायचा? भिंतीवर कालनिर्णय असेलच. तिथी बघा, तिची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. प्रतिपदेला पुन्हा एकापासून मोजायचं: पाऊण वाजता. वद्य असो की शुद्ध, हिशोब तोच. किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या हाच हिशोब तोंडी करत आली आहेत. मी इतका त्याच्या प्रेमात पडलो की इथलं नावही तेच घेतलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तिथी एकाने वाढली की पाऊण तास. म्हणून जमतं.

तुम्ही मागच्या मार्चमध्ये साडेअकराला गेलात आणि पाणी नव्हतं, म्हणजे तिथी पंचमी ते अष्टमीच्या आसपास असणार. पैज लावायला तयार आहे.

तर चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या, आणि प्रतिपदा, यांपैकी एक दिवस धरा. उधाणाचे दिवस ते, ओहोटीला चिखल भरपूर उघडा पडतो आणि पाणी सकाळी चढतं. भरतीच्या दोन-अडीच तास आधीची फेरी घ्या. ऊन तापायच्या आत परत याल. अष्टमीच्या पुढे-मागे जाऊ नका. भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीचं, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. बोटीच्या वेळाही रोज भरतीप्रमाणे बदलतात, म्हणून आधी बुकिंग करा आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या. महिना जानेवारी ते मार्च. पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत असतात, पण एप्रिलनंतर आबांना उन्हात बसवू नका.

गुडघ्याचं. जेटीवरून बोटीत उतरायला एक मोठं पाऊल टाकावं लागतं. पाणी जितकं वर, तितकं ते पाऊल लहान, म्हणजे इथेही भरतीच कामाला येते. बोटीवरची पोरं हात देतात. आबांनी संकोच करू नये, मी स्वतः त्यांचा हात धरतो. मधल्या बाकावर कडेला बसवा, पुढे टोकाला नको. बोट वळते तेव्हा दोन्ही बाजूंना दिसतं, त्यामुळे डावी-उजवी भांडणं करू नका. बाथरूम बोट सुटते त्या केंद्रातच उरकून घ्या, बोटीत सोय नाही. जायच्या अर्धा तास आधी चहा बंद.

जवळून दिसतात का? नाही. आणि दिसू नयेत. दुर्बीण न्या, साधी चालेल. त्यातून चोच बघा. चोच गुलाबी आणि टोक काळं, तर मोठा रोहित (फ्लेमिंगोलाच मराठीत रोहित म्हणतात). सगळी चोच गडद लालसर-काळपट आणि पक्षी बुटका, तर छोटा रोहित. खाडीत जास्त करून छोटेच. करडे, मळकट दिसले तर ती पिल्लं, त्यांना अजून रंग चढायचाय. तुमच्या चिरंजीवांना हे ठाऊक असेलच, तरी बोटीत त्यांच्याकडून परत ऐका.

नातवाला शाळेत सांगायला थोडी माहिती: २०१५ साली ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, साधारण १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन आणि बाकी पाणी. ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत. मालवणच्या सागरी अभयारण्यानंतर (ते १९८७चं) महाराष्ट्रातलं हे दुसरं. २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलं. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर आपलं तिसरं.

एक शेवटचं, न विचारता सांगतो. बरीच वर्षं झाली, ही बोटफेरी सुरू व्हायच्या आधी आम्ही चार मित्रांनी पलीकडच्या काठावरून एक मासेमारीची होडी ठरवली होती. मित्राने नाखव्याला शंभर रुपये जास्त दिले आणि म्हणाला, उडव की रे जरा. त्याने होडी सरळ थव्यात घातली. हजारो पक्षी एकदम उठले, पंखांखालचा लाल आणि काळा, आकाश पेटल्यासारखं. तेव्हा कळलं फ्लेमिंगोला अग्निपंख का म्हणतात. फोटो अप्रतिम आला. मोठा करून हॉलमध्ये लावला. पुढे एका पक्षीमित्राने शांतपणे सांगितलं, "त्यांना ओहोटीचे मोजके तासच चिखल उघडा मिळतो, त्यातला तुम्ही किती खाल्लात?" फोटो अजून हॉलमध्येच आहे. बायकोला आवडतो.

दिवागावचा

काकांचा हिशोब बरोबर, पण तो मुंबई बंदराचा. आत आमच्याकडे पाणी पोचायला वेळ लागतो. आम्ही अर्धा तास पुढे धरतो. तेवढं जमेला धरा.

मी ऐरोलीच्या दिवा गावचा, आगरी. रात्रपाळी एमआयडीसीत. बाप पाग (मासे धरायचं जाळं) टाकायचा, आजा पण. घरात घड्याळ नव्हतं, पहाटे बाप आयेला विचारायचा, "पानी चरलं का?" आणि आये ओट्यावरूनच वास घेऊन सांगायची. ती कसं सांगायची ते मला आजपर्यंत कळलं नाही.

ताई, वासाचं विचारलंत म्हणून लिहितोय. वास येतो. खोटं सांगणार नाही. ओहोटीला जास्त, चढत्या पाण्याला कमी. पण तो वास कसला ते ऐका. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी या खाडीत येतं, वरून ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. त्या घाणीत नत्र-स्फुरद भरपूर, म्हणून पाण्यात निळं-हिरवं शेवाळ माजतं. छोटा रोहित तेच खातो. मान उलटी करून चोच पाण्यात धरतो आणि जिभेने पाणी ओढून गाळतो. रंगही त्या खाण्यातूनच चढतो. म्हणजे बोटीत तुम्हाला जो वास येईल तो त्यांच्या जेवणाचा आहे. नाक दाबलंत तरी त्यांना वाईट वाटणार नाही.

आमच्या लहानपणी इथे रोहित नव्हता. मी पन्नाशीला आलो, शाळेत असेपर्यंत एक पाहिला नाही. बापाने पहिल्यांदा पाहिले तेव्हा घरी येऊन म्हणाला, "लाल बगलं आलंन खारीन, कुठशी आलं देव जाणं." त्या काळात बापाच्या पागात जिताडा असायचा, बोई, शिंगाळा, कोळंबी. चिंबोऱ्या तर आम्ही पोरं बिळात हात घालून काढायचो. निवट्या चिखलात पळताना हाताने धरायचो, संध्याकाळी कालवण. जिताडा हळूहळू गेला. कोळंबीला रॉकेलचा वास यायला लागला, गिऱ्हाईक परत आणून द्यायचं. आणि ज्या वर्षांत बापाने पाग खुंटीला टांगला त्याच वर्षांत हे लाल बगळे हजारांनी वाढले. आता म्हणे लाखाच्या घरात मोजतात. लोक बोटीतून येऊन वा वा करतात. मला पण आवडतात, पक्ष्याचा काय दोष. पण बाप शेवटपर्यंत त्यांच्याकडे पाहताना डोळे बारीक करायचा, जसं आपल्या घरात भाड्याने राहायला आलेल्याकडे बघतात.

गाईड बरीच माहिती देतील, चांगली पोरं आहेत. एक मात्र बोटीतले लोक नेहमी विचारतात, पाण्यात उभे बांबू कसले? कोणी विचारलं होतं, पुलाचं काम अर्धवट राहिलंय का! ते जाळ्याचे खुंट आहेत. अजून काही घरं मासे मारतात. आबांना दाखवा.

आणि सकाळची पहिली फेरी असेल तर तिवरांकडे, म्हणजे कांदळवनाकडे, कान द्या. कोल्हे आहेत आत. दिसत नाहीत फारसे, पण आमच्या ओट्यावरून रात्री ओरडणं ऐकू येतं. वीस मजली टॉवरच्या सावलीत कोल्हेकुई. माझ्या बायकोला अजून भीती वाटते, तिचं माहेर दादरचं.

चिपीच्या सावलीत

विषयांतर करते, पण कुणाला इंजिनाचा आवाज नको असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा बचत गट वल्ह्यांच्या होडीतून कांदळवन दाखवतो. फ्लेमिंगो नाहीत, पण झाडं इतकी जवळून की चिपीची (हेही कांदळवनातलंच झाड) फळं हाताला लागतात. ऐरोलीला जास्त करून तिवर, इथे सात-आठ जाती एका फेरीत बघता येतात. होडी चालवणाऱ्या बाईंनी मला मारांडीचं काटेरी पान दाखवून विचारलं, "हे ओळखा." मी वांगं म्हणाले. अख्खी होडी हसली.

गोव्यात चोडणचं सलीम अली अभयारण्यही असंच, पावणेदोन चौरस किलोमीटरचं. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि मग होडी. पण तिथेही भरती बघूनच, ओहोटीला आतल्या वाटा बंद. पाऊणपट काका, तुमचा हिशोब गोव्यातल्या मांडवी नदीच्या मुखाशीही ढोबळ मानाने लागतो, मी करून पाहिलाय.

जिन्याखालची सायकल

सगळ्यांचे आभार! काका, कालनिर्णय जुनं होतं पण फेकलेलं नव्हतं. मागच्या मार्चचा तो रविवार: षष्ठी. तुम्ही पैज जिंकलात.

आता दिवस ठरवलाय, माघातली चतुर्दशी, शनिवारची. बुकिंग झालं. नऊची फेरी. जाऊन आले की लिहीन.

वडाळा लोकल

बोट रद्द झाली तर नेरुळ आहेच. 😀

जिन्याखालची सायकल

बोट रद्द झाली नाही. जाऊन आलो. लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

डोंबिवलीहून ठाणे, तिथून वाशीची गाडी धरून ऐरोली, पुढे रिक्षा. आठला दहा कमी असताना पोचलो. आबांनी धोतर, पांढरा सदरा आणि टोपी घातलेली, देवदर्शनाला निघाल्यासारखी. लाईफ जॅकेट चढवताना टोपी काढायला सांगितली तर म्हणाले, "बुडालो तर टोपी तरी घरला येईल." टोपी डोक्यावरच राहिली.

जेटीचं पाऊल: मला जितकी धास्ती होती तितकं काही नव्हतं. दोन पोरांनी हात पुढे केले, आबांनी एकाचा धरला आणि बसले. तिकडे चिरंजीव मात्र उडी मारताना बाकाला आपटले, नडगी सुजली.

पहिली दहा मिनिटं खरं सांगायचं तर निराशेची. दोन्हीकडे तिवरं, चिखलातून वर आलेली त्यांची बोटभर मुळं आणि त्या मुळांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पोराने बाटल्या मोजायला सुरुवात केली, एकशे चाळीसला सोडून दिली. गाईड ताईंनी तिवराचं गळून पडलेलं पान हातावर घेऊन मागची बाजू दाखवली, बारीक पांढरे कण. झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. आबांनी पान घेतलं, बोट फिरवलं, जिभेला लावलं. "मीठच हाय की!" मग बराच वेळ ते पान मुठीत होतं.

दिवागावचे दादा, बांबूचे खुंट दिसले. आमच्या मागच्या बाकावरच्या बाईंनी तुमचाच प्रश्न विचारला, पुलाचा! मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं.

आणि मग विजेच्या मनोऱ्यांच्या पलीकडे, उजवीकडे, एक पट्टी. मला आधी वाटलं गढूळ पाण्यावर ऊन पडलंय. आबा म्हणाले, "कांदा काढून पसरलाय जणू वाफ्यात." अगदी तसंच. पसरलेला कांदा, आणि तो हलत होता. इंजिन बंद केलं. त्यानंतरचं काय सांगू. लांबून येणारा एक सलग आवाज, बदकांचा असतो तसा पण खालच्या पट्टीतला, बाजार भरल्यासारखा. माझा वर्षभर न थांबलेला मुलगा गप्प झाला. किती वेळ? मी घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं. हा आमच्या घरातला विक्रम आहे. दुर्बीण मी घरी विसरले होते (हो, विसरले, ओरडू नका काका). शेजारच्या आजोबांनी त्यांची दिली. पोराने बघून जाहीर केलं, सगळे छोटे रोहित, कडेला चार मोठे. ताई म्हणाल्या, पाच. परत मोजले, पाच होते.

काका, तुमची गोष्ट मी आधी घरात सगळ्यांना वाचून दाखवली होती, म्हणून पुढचं सांगायलाच हवं. बोटीत एक गृहस्थ होते, हातात मोठी लेन्स. पाच मिनिटं झाली तसे ते ताईंना म्हणाले, थोडं पुढे घ्या ना. ताई नाही म्हणाल्या. मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पक्षी उठावेत म्हणून. ताई काही बोलणार तोवर आबा वळले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पाव्हणं, जेवणाऱ्याला उठवू नये." गृहस्थांनी हात खाली घेतले. नंतर त्यांनीच आबांचा फोटो काढला, टोपी आणि केशरी जॅकेटमधला, आणि मला पाठवला. चांगला माणूस होता तसा.

परतताना आबांना पक्ष्यांत रस उरला नव्हता. त्यांचं लक्ष चिखलात. "ह्यो गाळ किती खोल?" ताई म्हणाल्या, माणूस कमरेपर्यंत जाईल. "आन् ह्यो कुनी नेत न्हाई?" आमच्या गावी तलाव आटला की गाळ काढून रानात टाकतात, ट्रॉलीमागे पैसे मोजतात. आबांनी स्वतः तीन एकरांत तसा गाळ पसरलेला आहे. इथे नजर पोचेल तिथवर काळाभोर गाळ आणि त्याला वाली नाही, हे काही त्यांना झेपेना. ताईंनी सांगितलं, खारा आहे आबा, पीक येणार नाही. त्यांनी मूठ उघडून ते पान बघितलं आणि मान हलवली. पण घरी आल्यावर रात्री जेवताना परत, "मिठाचं झाड येतं तर कायतरी येईलच की."

वास आला. अर्धशिशी उठली नाही. उतरल्यावर एक चहा घेतला आणि संपलं.

कोल्हा ऐकू आला नाही. त्यासाठी परत जायचं म्हणतात आबा. सध्या कालनिर्णय त्यांच्या खोलीत टांगलेलं आहे आणि ते रोज सकाळी नातवाला पाऊणकी विचारतात. गणिताच्या बाई खूश आहेत.

दिवागावचा

आबांना घेऊन घरी या. कोल्हा आमच्या ओट्यावरून ऐकवतो. गाळाचं मात्र त्यांनी माझ्या बापाशी बोलायला हवं होतं, बाप असता तर दोघांनी रात्र काढली असती.

पाऊणपट

दुर्बीण विसरलात. बरं.

आबांचं ते टाळ्यांचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, फोटोकडे बघत होती.

जिन्याखालची सायकल

काका, अजून एक. आबा विचारतायत, येत्या संकष्टीला जायचं झालं तर पाणी किती वाजता?

पाऊणपट

चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. दिवागावच्या हिशोबाने साडेतीन धरा. म्हणजे फेरी एकच्या सुमाराची पडेल, डोक्यावर ऊन आणि तुमचा उपास. अमावास्येला या ना.